गवताचा दर

गवत कापायला फार थोडे दिवस मिळतात. पाऊस ओसरला, गवत फुलोऱ्यावर आलं की विळा चालवायचा. त्यात हयगय झाली तर काडी निबर होते, दाणा गळतो आणि कुसळीची कुसळं गुरांच्या तोंडात रुततात. ओलं असतानाच गंजी रचली तर आतून तापून बुरशी धरते. तलासरी भागात मी मास्तरकी केली. वारल्यांचा लढा शिकवायचा झाला की मी या मुदतीपासूनच सुरुवात करत असे. कारण १९४५ च्या संपाचं सगळं बळ तिच्यात होतं.

डहाणू-उंबरगावच्या माळांवरचं गवत तेव्हा पैसा देणारा माल होता. मुंबईतल्या तबेल्यांतल्या म्हशी आणि गाड्यांचे घोडे त्यावर पोसले जात, आणि माल न्यायला रेल्वे जवळ होती. कुरणं जमीनदारांची, कापणारे हात वारल्यांचे. लग्नासाठी कर्ज काढलं की ते फेडण्यासाठी नवरा-बायको वर्षानुवर्षं सावकाराकडे राबत. अशांना लग्नगडी म्हणत. बाकीच्यांच्या मागे वेठ होतीच. मालकाचं बोलावणं आलं की स्वतःच्या शेतातलं भात तसंच टाकून जावं लागे.

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेचं अधिवेशन झालं. तिथं गेलेल्या मोजक्या वारल्यांत माह्या धांगडा होता. २३ मे रोजी झरी गावात हजारो वारली जमले आणि त्यांनी वेठ बंद करण्याचा निर्धार केला. किसान सभेचे शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यांच्या पाठीशी होते. पावसाळा सरला तशी लढाई गवतावर आली. मागणी साधी होती : ५०० पौंड गवत कापायला अडीच रुपये.

या आकड्याचं वजन मुलांना कळावं म्हणून मी वर्गात ताणकाटा आणत असे. बाईच्या डोक्यावरचा भारा काट्याला लावला की साधारण वीस किलो भरे. ५०० पौंड म्हणजे २२७ किलो. असे अकरा भारे होऊन वर थोडं उरतं. फळ्यावर हिशेब मांडला की कुणीतरी विचारायचंच, "सर, आधी किती द्यायचे?" मी सांगायचो, वेठीला दर नसतो, आणि मजुरी दिलीच तर मालक देईल ती. वजन आणि पैसा एका ओळीत मांडून वारल्यांनी पहिल्यांदा आपल्या श्रमाची किंमत स्वतः ठरवली. माझ्या मते या लढ्याचं मर्म तेच आहे.

त्याची किंमतही लगेच मोजावी लागली. गोदावरीबाईंच्या जिवाला धोका आहे अशी अफवा उठवली गेली आणि त्यांना वाचवायला वारली तलवाड्याला धावले. १० ऑक्टोबरला पोलिसांनी त्या जमावावर गोळ्या झाडल्या. पाच जण गेले. जेठ्या गांगड त्यांतला एक. तरीही विळे खालीच राहिले. गवत उभ्या उभ्या वाळू लागलं तसे अनेक ठिकाणी जमीनदार नमले. पुढच्या वर्षी हेच वारली जंगलकामासाठी रोजी सव्वा रुपया मागत संपावर गेले.

गोदावरीबाईंनी हे सारं 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहून ठेवलं आहे. तलवाड्याच्या पाच जणांची नावं शाळेच्या धड्यात यावीत आणि त्यांच्याशेजारी तो अडीच रुपयांचा दरही छापला जावा, असं मला मनापासून वाटतं.