वीज आणि पाऊस

आमच्या शिवाजी पेठेतल्या माणसाला इतिहास सांगायला जाऊ नये. तो आधी तुमचं सगळं ऐकून घेतो आणि मग "तसं न्हाई ते" म्हणून सुरुवात करतो. त्यामुळे २०२१ च्या नोव्हेंबरात सोनी मराठीवर ‘स्वराज्यसौदामिनी ताराराणी’ सुरू झाली, तेव्हा घरोघर इतिहास संशोधक मंडळ बसलं. ताराराणी म्हणजे कोल्हापूरच्या गादीची संस्थापक. घरचंच कार्य की!

परकी सत्ता आणि तिच्याविरुद्धचं बंड हा तसा देशोदेशीच्या टीव्हीचा विषय. खुरासानातल्या लोकांनी चौदाव्या शतकात मोंगोलांविरुद्ध उठाव केला, त्यावर इराणात १९८० च्या दशकात ‘सरबदारान’ ही मालिका झाली. आपला ‘मोगल’ शब्दही त्या मोंगोलांवरूनच आलेला. म्हणजे पाहुणे जुन्याच ओळखीचे.

सौदामिनी म्हणजे वीज. पण या लढाईत विजेइतकंच काम पावसानं केलं. १७०० साली राजाराम महाराज गेले तेव्हा ताराराणी पंचविशीच्या, आणि समोर औरंगजेब ऐंशी ओलांडलेला. १७०२ च्या जूनमध्ये त्यानं विशाळगड घेतला. सहा महिने वेढा घालून आणि शेवटी पैसे मोजून. तिथून पन्हाळ्याकडे निघाला आणि सह्याद्रीच्या पावसात सापडला. पन्नासेक किलोमीटरला महिन्याहून जास्त लागला! याच मुलखात १६६० च्या आषाढात शिवाजी महाराज रात्रीतून पन्हाळ्याहून निघून दुसऱ्या दिवशी विशाळगडावर पोचले होते. पाऊस तोच, फक्त तो कुणाच्या ओळखीचा, एवढाच प्रश्न.

"मग शिरियलीत पाऊस कमी का असतोय ओ?" मी शेजारच्या दादांना विचारलं.

"टँकर लागतोय त्याला. तलवारी एकदा आणल्या की झालं."

ताराराणींचं गणित साधं होतं. बादशहानं किल्ले घेत बसावं, आपण ते परत घ्यावेत, आणि तेवढ्यात फौजा नर्मदेपार माळव्यात धाडाव्यात. १७०७ मध्ये औरंगजेब अहमदनगरला वारला. दिल्ली काही त्याला पुन्हा दिसली नाही.

मालिकेला इथं ‘समाप्त’ म्हणता येतं. ताराराणींना अजून चौपन्न वर्षं काढायची होती. त्याच वर्षी शाहू महाराज सुटून आले आणि गादीचा तंटा लागला. १७१४ मध्ये सवत राजसबाईंच्या पक्षानं त्यांना मुलासकट पन्हाळ्यावर कैदेत टाकलं. सात वर्षं मोगलांच्या हाती जी लागली नाही, ती घरच्यांना घरातच सापडली.

हा भाग सांगितला की पेठ गप्प होते. घरटी एक वाटणीचा दावा कोर्टात असल्यावर बोलणार कोण?