काळा कातळ आणि छुपे भ्रंश

दख्खनच्या पठारावर छुपे सक्रिय भ्रंश परावर्तन-सर्वेक्षणाने, म्हणजे जमिनीत कंपनलहरी सोडून परतलेल्या लहरी नोंदवून, शोधणे म्हणजे पैशांचा चुराडा, हे मत आपल्याकडे बरेच रुजले आहे. त्याचे दोन आधार सांगतात. बेसाल्ट कंपनलहरींना विखरून टाकतो, त्यामुळे खालचे चित्र पुसट येते. शिवाय सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्यासारख्या भागात जमिनीवर भ्रंशाची खूणच नाही, मग शोधायचे काय?

दुसरा आधार आधी घेतो, कारण तो जास्त घातक आहे. मालदांडी ज्वारी पिकवणारी मंगळवेढ्याची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पावसात मिटते आणि तिच्यावर वर्षानुवर्षे कुळव फिरतो. तिथे वीतभर उंचीचा भ्रंशकडा किती काळ टिकणार? लातूर जिल्ह्यातली किल्लारी इथून सरळ रेषेत सुमारे 135 किलोमीटर. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपापूर्वी ती भूकंप-नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होती. 6.2 महत्तेच्या धक्क्यात हजारो माणसे गेली, तेव्हा कुठे खालच्या भ्रंशाची चर्चा सुरू झाली.

पहिला आधार खरा आहे, पण तो वेगळ्या प्रश्नाला लागू पडतो. तेल शोधणाऱ्याला बेसाल्टखालचा गाळ पाहायचा असतो. भ्रंश शोधणाऱ्याला बेसाल्ट ओलांडायलाच हवा असे नाही. लाव्हा थराथरांनी साचला. विहीर खोदणाऱ्याला काळा पाषाण, मांजऱ्या, गेरू असे थर एकाखाली एक लागतात. प्रत्येक थरात घनता आणि लहरींचा वेग बदलतो, आणि त्या सीमांवरूनच लहरी परततात. सलग चाललेला थर एके ठिकाणी तुटून वरखाली झालेला दिसला, की भ्रंश सापडला.

या पद्धतीला किती लहान सरक दिसते, हा सूक्ष्मतेचा आक्षेप मात्र गंभीर आहे. बेसाल्टमध्ये लहरींचा वेग सेकंदाला 5 किलोमीटर धरला, तर 100 हर्ट्झला तरंगलांबी 50 मीटर येते. तिच्या चतुर्थांशाहून, म्हणजे साधारण 12 मीटरहून लहान सरक स्पष्ट दिसत नाही. एका भूकंपात थर सहसा इतके सरकत नाहीत. पण इथले थर साडेसहा कोटी वर्षांचे आहेत. पुन्हापुन्हा हललेल्या भ्रंशाची सरक त्यांत साठत जाते. केवळ आडवी सरक या पद्धतीला अवघड जाते, आणि भ्रंश शेवटचा कधी हलला हे ठरवायला चर खणावाच लागतो. पण चर कुठे खणायचा, हे हीच पद्धत सांगते.

लॉस एंजेलिसखालचा प्युएन्टे हिल्स भ्रंश जमिनीवर फुटलेला नव्हता. जॉन शॉ आणि पीटर शिअरर यांनी 1999 मध्ये तो तेल-उद्योगाच्या परावर्तन-नोंदींतून दाखवला. तिथे गाळ होता, इथे कातळ आहे; म्हणून इथे लहरी टिपणारे जिओफोन जास्त दाट मांडावे लागतील, एवढाच त्याचा अर्थ.

आणि इथे प्रश्न तयारच आहे. कुर्डुवाडीच्या भागात बेसाल्टखाली खचदरी असावी, असे ब्रह्मम आणि नेगी यांनी 1973 मध्ये गुरुत्व-मापनावरून मांडले. गुरुत्वाची एकच नोंद अनेक रचनांतून निघू शकते, त्यामुळे तेवढ्यावर निकाल लागत नाही. राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने (एनजीआरआय) 1970 च्या दशकात गुहागर ते चोरोची खोल भूकंपी छेद घेतला. तो मंगळवेढ्याच्या अलीकडेच थांबला आणि त्याचा रोख संपूर्ण भूकवचाकडे होता.

कुर्डुवाडी ते मंगळवेढा हे अंतर सरळ रेषेत साठेक किलोमीटर. ज्वारी निघाल्यावर रान मोकळे असते. त्या दिवसांत एनजीआरआय आणि सोलापूर विद्यापीठाच्या भूशास्त्र संकुलाने ही एक रेषा घ्यावी आणि तिच्या मूळ नोंदी सर्वांसाठी खुल्या ठेवाव्यात.