प्रार्थनासातत्य, ख्रिस्ती (नागपूर व मराठी प्रदेश)

प्रार्थनासातत्य, ख्रिस्ती : संकट, शोक, दीर्घ विलंब किंवा श्रद्धेविषयीचा संशय असतानाही प्रार्थना न सोडण्याची साधना. मराठी मंडळ्यांत कुटुंबप्रार्थना, पहाटेची प्रार्थना, उपासप्रार्थना व मध्यस्थीची प्रार्थना ही तिची नेहमीची रूपे होत. नवसापासून ती वेगळी धरली जाते. नवस फेडला की संपतो. येथे मागणे पुरे झाले नाही तरी मागणाऱ्याने उठून जायचे नसते.

शास्त्राधार : लूककृत शुभवर्तमानातील दोन दाखले मुख्य मानतात. अकराव्या अध्यायात मध्यरात्री मित्राचे दार ठोठावून भाकरी मागणारा मनुष्य आहे, तर अठराव्यात अन्यायी न्यायाधीशापुढे पुन:पुन्हा दाद मागणारी विधवा. संशयासाठी मार्ककृत शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायातील आजारी मुलाच्या बापाचे उदाहरण देतात. आपला विश्वास आणि आपला अविश्वास तो एकाच वाक्यात येशूपुढे ठेवतो. स्तोत्रसंहितेतील विलापस्तोत्रे (१३, २२, ८८) आणि ईयोबाचे पुस्तक यांमुळे देवाशी तक्रार करणे हीदेखील प्रार्थनाच ठरते. यांपैकी ८८वे स्तोत्र अंधारातच संपते. शेवटी दिलासा येत नाही. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात (अध्याय ८) शब्द सुचत नाहीत तेव्हाच्या उसाशांनाही प्रार्थनेत जागा दिली आहे.

नागपुरातील आरंभ : स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे स्टीफन हिस्लॉप (१८१७–१८६३) १८४५च्या आरंभी नागपुरात आले. त्या वेळी येथे भोसल्यांचे राज्य होते; ते १८५४मध्ये खालसा झाले. हिस्लॉप यांनी सुमारे अठरा वर्षे काम न सोडता केले, तरी बाप्तिस्मे मोजकेच झाले. शाळा मात्र रुजली आणि पुढे १८८३मध्ये त्यांच्या नावाचे कॉलेज निघाले.   ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाट येथील शिळावर्तुळे पाहून परतताना बोरीजवळ पूर आलेल्या नदीत ते बुडाले.

टिळक दांपत्य : मराठीत या विषयाचे सर्वांत सलग लेखन नारायण वामन टिळक (मृ. १९१९) व लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांच्याकडून आले. त्याचा एक धागा नागपुरातून जातो. नागपूरचे धनिक अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने टिळक येथे संस्कृत ग्रंथांच्या कामावर होते. पुढे ते राजनांदगाव संस्थानात गेले. १८९३मध्ये तिकडे जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली आणि ती वाचण्याचे वचन घेतले. मत्तयातील डोंगरावरील प्रवचनापाशी (अध्याय ५ ते ७) वाचक अडकला. त्यानंतरची दोन वर्षे शंकांची होती. टिळकांनी नाव न देता ख्रिस्ती नियतकालिकाकडे प्रश्न पाठवले व उत्तरे मिळवली. श्रद्धा अजून ठरलेली नसतानाच प्रार्थना करून पाहण्याचा क्रमही याच काळातला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

लक्ष्मीबाईंच्या दृष्टीने हीच तारीख आपत्तीची. नवरा जिवंत असून संसार मोडलेला, अशा स्थितीत त्या मुलाला घेऊन नातेवाइकांकडे, काही काळ पंढरपुरास राहिल्या. काही वर्षांनी त्या टिळकांकडे परतल्या, पण सोवळे व वेगळी चूल ठेवूनच. जातिभेद देवाने केला की माणसांनी, या प्रश्नाचा निकाल त्यांनी स्वतःच्या मनाशी लावला आणि १९००मध्ये बाप्तिस्मा घेतला. हा सारा प्रवास ‘स्मृतिचित्रे’ (चार भाग, १९३४–३६) या आत्मचरित्रात आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने या ग्रंथाचे मोल असे की त्यात संशयाचा काळ लाजेने झाकलेला नाही आणि श्रद्धेचा काळ सजवलेला नाही. उपास, रडे, नवऱ्याचा विक्षिप्त दानशूरपणा, घरात पीठ नसणे आणि देवावर टाकलेला भार हे एकाच सुरात, पुष्कळदा विनोदाने सांगितले आहे. मिशनच्या अहवालांतील साक्षींना साचा असतो : आधी अंधार, मग प्रकाश. लक्ष्मीबाईंच्या कथनात प्रकाश पडल्यावरही चूल पेटवावीच लागते.

टिळकांच्या प्रार्थनागीतांनी या साधनेला मराठी वळण दिले. मिशनरी काळातील बरीचशी गीते इंग्रजी चालींवर बसवलेली होती. टिळकांनी अभंग, ओवी, भजन व कीर्तन ही रूपे घेतली. तुकारामांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते सांगत. देवाशी भांडणे, रुसणे, वाट पाहणे आणि तरीही दारात बसून राहणे यांसाठी वारकरी भाषेत शब्द तयार होते. टिळकांच्या ‘अभंगांजली’ या संग्रहात ते ख्रिस्ती उपासनेसाठी वापरात आले. मराठी मंडळ्यांच्या उपासनेत ही गीते आजही म्हणतात आणि मयताच्या घरी जमलेली माणसे प्रवचनाआधी गीतच धरतात. १९१७मध्ये टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली व ‘देवाचा दरबार’ हा भक्तसमुदाय स्थापन केला. १९१९मध्ये ते वारले तेव्हा ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरे होते. मुंबईत मुलींच्या वसतिगृहात मेट्रनचे काम करून पोट भरलेल्या लक्ष्मीबाईंनी त्यात ६४ अध्यायांची भर घातली. शालेय शिक्षण नसलेल्या विधवेने घेतलेले हे काम काव्य म्हणून समीक्षकांनी फारसे वाखाणलेले नाही. साधना म्हणून ते मोजले, तर मराठीत त्याच्या तोडीचे उदाहरण एकच सापडते.

पंडिता रमाबाई : ते उदाहरण रमाबाईंचे (१८५८–१९२२). १८८३मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यानंतर त्रैक्य, येशूचे देवत्व आणि चर्चचा अधिकार यांविषयी त्यांनी तेथील धर्मभगिनींशी कडक पत्रव्यवहार केला. गुरूने सांगितले म्हणून त्यांनी काहीच मानले नाही. १८९६–९७च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतात, म्हणजे नागपूर ज्याची राजधानी होती त्या प्रदेशात, फिरून निराधार स्त्रिया व मुली केडगावला नेल्या. तेथील त्यांच्या मुक्तिसदनात जानेवारी १९०५मध्ये सुमारे ७० स्त्रियांनी रोजची प्रार्थना सुरू केली. जूनपर्यंत ही संख्या ५५०वर गेली. त्याच महिन्यापासून तेथे झालेल्या ‘संजीवना’च्या (धर्मजागृतीच्या) वर्णनांत अतिशयोक्ती किती, याविषयी एकमत नाही. रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. १९२१मध्ये कन्या मनोरमा वारल्या, रमाबाईंना ऐकूही येईनासे झाले होते, तरी काम थांबले नाही. मुद्रिते पुरी करण्यापुरते आयुष्य त्यांनी मागून घेतले, असे मुक्तिसदनाच्या परंपरेत सांगतात.

ऐक्याची प्रार्थना : व्यक्तीऐवजी संस्थेने केलेल्या सातत्याचे उदाहरण नागपूरचेच आहे. उत्तर भारतातील प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या एकीकरणाची बोलणी १९२९मध्ये सुरू झाली आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात ऑल सेंट्स कॅथीड्रलच्या आवारात ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ची स्थापना झाली, मध्ये ४१ वर्षे गेली. एकत्र आलेल्या मंडळ्या सहा : अँग्लिकन, युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया, बाप्टिस्ट, ब्रदरेन, डिसायपल्स आणि ब्रिटिश व ऑस्ट्रेलेशियन परंपरेचे मेथडिस्ट. अमेरिकन परंपरेच्या मेथडिस्ट मंडळीने त्याच वर्षी अखेरच्या टप्प्यावर माघार घेतली. बिशपपद आणि बालबाप्तिस्मा हे वादाचे मुख्य मुद्दे होते. कोणाच्या धर्मगुरूंचे दीक्षासंस्कार ग्राह्य व कोणाच्या उणे, हा प्रश्न तर सुटलाच नाही. त्यावर काढलेला मार्ग लक्षणीय आहे : परस्परांच्या मस्तकावर हात ठेवून, ज्याला जे उणे असेल ते देवाने द्यावे, अशा आशयाची प्रार्थना योजली. उणे काय, ते मुद्दाम सांगितले नाही. टीकाकारांना ही पळवाट वाटली. समर्थकांच्या मते निर्णय देवावर सोपवणे हाच प्रार्थनेचा अर्थ.

भारतीय चर्चेसच्या राष्ट्रीय परिषदेचे (मूळ स्थापना १९१४) मुख्यालय नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये आहे. दरवर्षी १८ ते २५ जानेवारी हा ख्रिस्ती ऐक्याचा प्रार्थनासप्ताह पाळतात.

न्यायाची मागणी : १० ऑगस्ट १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६मध्ये शीख व १९९०मध्ये बौद्ध त्यात आले. दलित ख्रिस्ती व मुस्लिम बाहेरच राहिले. नागपुरात हा फरक दलित ख्रिस्ती घर आणि शेजारचे बौद्ध घर यांत जाणवतो. सर्वोच्च न्यायालयात २००४मध्ये याचिका दाखल झाली, २००७च्या रंगनाथ मिश्र आयोगाच्या अहवालाने अनुकूल शिफारस केली आणि २०२२मध्ये नवा आयोग नेमला गेला. १० ऑगस्ट हा निषेधदिन म्हणून पाळतात. न्यायाधीशापुढील विधवेचा दाखला येथे रूपक राहत नाही.

रोमन कॅथलिक परंपरा : नागपूर धर्मप्रांत १८८७, महाधर्मप्रांत १९५३. जपमाळ, नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) व चाळीस दिवसांचा उपासकाळ प्रचलित.

स्त्रियांच्या प्रार्थनासभा : आठवड्यातून एकदा आळीपाळीने घरोघर भरतात, मार्चच्या पहिल्या शुक्रवारी जागतिक प्रार्थना दिन.