किरणोत्सर्गाचा आकडा आणि नागरिक

हुडकेश्वरमध्ये आपली रोजची चर्चा पाणी, रस्ते आणि गडरलाइनची. मग किरणोत्सर्गावर व्याख्यान कशाला, असं तुम्हाला वाटलं असेल. शिवाय मी भौतिकशास्त्राचा माणूस नाही, तत्त्वज्ञानाचा. पण जे डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही, त्याबद्दल कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा, हा प्रश्न तत्त्वज्ञानाचाच आहे. आपल्या नैयायिकांनी चार प्रमाणं मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे आप्ताचं सांगणं. आप्त कोण? ज्याला वस्तुस्थिती माहीत आहे आणि ती जशीच्या तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे. या दोन्ही अटी लक्षात ठेवा.

२६ एप्रिल १९८६ला चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. सोव्हिएत सरकार गप्प होतं. २८ तारखेला स्वीडनमधल्या फोर्समार्क अणुकेंद्रात एका कर्मचाऱ्याच्या बुटांवर किरणोत्सर्ग आढळला, तेव्हा जगाला सुगावा लागला. इथे माहिती होती, सांगण्याची इच्छा नव्हती.

याची झळ मुंबईपर्यंत आली, ती लोण्यातून. त्या घटनेनंतर युरोपातून मदत म्हणून आलेलं आयरिश लोणी आपल्याकडे वापरायचं होतं. त्यात किरणोत्सर्गी अंश आहे म्हणून मुंबईतल्या काही नागरिकांनी उच्च न्यायालयात दाद मागितली. तिथे यश आलं नाही, तेव्हा ते सर्वोच्च न्यायालयात गेले. शिवराव शांताराम वागळे विरुद्ध भारत सरकार हा तो खटला, निकाल १९८८चा. न्यायालयाने तीन तज्ज्ञांची समिती नेमली. समितीने सांगितलं की अणुऊर्जा नियामक मंडळाने ऑगस्ट १९८७मध्ये ठरवलेल्या मर्यादेतले पदार्थ खायला सुरक्षित आहेत. न्यायालयाने ते मान्य केलं.

निकाल चुकला असं मी म्हणत नाही. समितीतली माणसं मोठ्या योग्यतेची होती. पण त्यांतले पी. के. अय्यंगार त्या वेळी भाभा अणुसंशोधन केंद्राचे संचालक होते. म्हणजे मोजणारे, मर्यादा ठरवणारे आणि सल्ला देणाऱ्यांपैकी निदान एक, हे एकाच अणुऊर्जा व्यवस्थेतले. त्यात १९६२च्या अणुऊर्जा कायद्याचं कलम १८ माहिती रोखून धरण्याचा अधिकार सरकारला देत होतं. नागरिकाच्या हातात ना यंत्र, ना तक्ता. शंका खरी की खोटी, हे तपासण्याची सोयच त्याच्याकडे नव्हती.

सोय करता येते, हे अमेरिकेतल्या सेंट लुईस शहराने आधीच दाखवलं होतं. अणुचाचण्यांतून उडालेलं स्ट्रॉन्शियम-९० गवतात, गवतातून दुधात आणि दुधातून मुलांच्या हाडांत जातं. १९५८पासून तिथल्या नागरिकांनी आणि शास्त्रज्ञांनी मिळून मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा केले, तीन लाखांवर. मोजणी प्रयोगशाळेत झाली, पण नमुना घरोघरच्या आयांनी पाठवला. १९६१मध्ये पहिले निष्कर्ष छापून आले. १९६३मध्ये जमिनीवरच्या चाचण्या थांबवणारा करार झाला, त्यामागच्या जनमतात या दातांचाही वाटा होता.

मग मार्च २०११, फुकुशिमा. नामिए गावचे लोक वायव्येला त्सुशिमा भागात आश्रयाला गेले आणि वाऱ्याने किरणोत्सर्गी कण त्याच दिशेला नेले. वारा कुठे जाईल याचं गणित सरकारी संगणकात होतं, ते गावाला कोणी कळवलं नाही. पुन्हा आप्ताची दुसरी अट मोडली. त्याच महिन्यात सेफकास्ट नावाचं स्वयंसेवकांचं काम सुरू झालं. त्यांनी गाडीला लावायचं छोटं यंत्र बनवलं. ते दर पाच सेकंदांनी किरणोत्सर्ग आणि ठिकाण नोंदवतं. सगळ्या नोंदी कुणालाही फुकट खुल्या. महत्त्वाचं म्हणजे त्यांनी सरकारी आकडे फेकून दिले नाहीत. ते शेजारी ठेवून ताडून पाहता यावेत, एवढंच त्यांनी मागितलं.

आता नागपूर. कुणी ऑनलाइन यंत्र मागवलं आणि घरात ते टिकटिकलं, तर घाबरायचं का? नाही. किरणोत्सर्ग सगळीकडे असतो. जगात माणशी नैसर्गिक सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट आहे. त्यातला साधारण अर्धा वाटा श्वासातून जाणाऱ्या रेडॉन वायूचा, जो हे साधं यंत्र दाखवतच नाही. त्यात आपलं शहर दोन भूगर्भांच्या सीमेवर बसलं आहे. सीताबर्डीची टेकडी काळ्या बेसॉल्टची, आणि पूर्वेकडे जुने पट्टिताश्म खडक. बेसॉल्टमध्ये युरेनियम-थोरियम कमी, त्या जुन्या खडकांत सहसा जास्त. ग्रॅनाइटच्या ओट्यावर आकडा चढेल, तो ओट्याचा दोष नाही. कोराडी-खापरखेड्याच्या राखेतही ही द्रव्यं थोडी असतात. पण आधीचा आकडा माहीत नसेल, तर आजचा आकडा वाढला की तेवढाच आहे, हे कसं सांगणार?

म्हणून सांगतो, काही घडण्याआधी मोजायचं असतं. एकच जागा, एकच यंत्र, तारीख-वेळ, पाऊस होता का, हे वहीत लिहा आणि वही शेजाऱ्याला दाखवा. सोबत नियामक मंडळाचे वार्षिक अहवाल वाचा. त्यांत प्रत्येक अणुकेंद्राच्या परिसरातल्या लोकांना मिळालेल्या मात्रेचे आकडे असतात. मर्यादा वर्षाला १ मिलिसिव्हर्ट, नैसर्गिक सोडून. तारापूरचा आकडा तिथे पाहता येईल. जे छापलेलं नाही, ते विचारायला २००५चा माहिती अधिकार आहे.

लोण्याच्या खटल्यातल्या नागरिकांकडे यातलं काहीच नव्हतं, तरी ते न्यायालयापर्यंत गेले. आपल्याकडे निदान वही तरी आहे. बरं, आता प्रश्न घेऊ.