मुक्त स्रोत प्रकल्पांतील आज्ञावली-परीक्षण आणि न्याय्यतेचा प्रश्न

अनेक संशोधन-पत्रिकांत लेखकाचे नाव परीक्षकापासून लपविले जाते, ते निःपक्षपातीपणासाठी. मुक्त स्रोत आज्ञावलीच्या क्षेत्रात मात्र योगदान देणारा, परीक्षक आणि त्या दोघांतील वाद हे सारे उघड असते. या उघडेपणामुळे परीक्षण आपोआप न्याय्य होते, असा समज दीर्घकाळ रूढ होता. प्रस्तुत निबंधात त्या समजाची ऐतिहासिक तपासणी केली आहे.

१९९५ मध्ये अपाचे वेब सर्व्हरसाठी एकत्र आलेल्या गटाने मतदानाची पद्धत स्वीकारली. अनुकूल मत ‘अधिक एक’ आणि प्रतिकूल मत ‘उणे एक’. पात्र सदस्याचे एकच प्रतिकूल मत आज्ञावलीतील बदल रोखू शकते. मात्र त्यासोबत तांत्रिक कारण द्यावे लागते, अन्यथा ते मत ग्राह्य धरले जात नाही. नकाराचा अधिकार एवढा मोठा असल्याने त्यावर कारणांचे हे बंधन आवश्यकच होते.

लिनक्सची वाटचाल निराळी. हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या या प्रकल्पात अंतिम निर्णय प्रदीर्घ काळ त्यांच्या एकट्याच्या हाती होता. १९९८ च्या सुमारास योगदानांचा ओघ इतका वाढला की कित्येक बदल नाकारलेही गेले नाहीत, नुसते पडून राहिले. नकारापेक्षा हे मौन अधिक अन्यायकारक म्हटले पाहिजे, कारण त्याविरुद्ध दाद मागण्याची सोय नसते. एससीओ कंपनीने २००३ मध्ये आयबीएमविरुद्ध दावा दाखल केल्यावर आज्ञावलीचा उगम दाखविण्याची निकड भासली. २००४ पासून बदल ज्या ज्या हातांतून गेला, त्यांची नावे नोंदली जाऊ लागली. ही सुधारणा न्यायबुद्धीतून नव्हे, तर खटल्याच्या धास्तीतून आली. पुढे परीक्षकाचेही नाव स्वतंत्रपणे नोंदले जाऊ लागले. आपण तांत्रिक तपासणी केली, आक्षेप योगदानकर्त्याला कळविले आणि आपले समाधान झाले, अशी ती परीक्षकाची जाहीर ग्वाही होय.

तरीही नावाचा प्रभाव ओसरला नाही. गिटहबवरील सुमारे ३० लाख योगदान-प्रस्तावांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एकंदरीत स्त्रियांचे प्रस्ताव पुरुषांच्या प्रस्तावांहून अधिक प्रमाणात स्वीकारले गेल्याचे आढळले. परंतु प्रकल्पाला अपरिचित असलेल्या स्त्रियांची ओळख त्यांच्या नावावरून वा छायाचित्रावरून उघड होत असे, तेव्हा हे प्रमाण पुरुषांच्या खाली जाई.

व्यक्तीच्या नावाप्रमाणे संस्थेचे नावही निर्णयात डोकावते. मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी लिनक्सच्या परीक्षकांची परीक्षा पाहण्यासाठी, त्यांची पूर्वसंमती न घेता, सदोष बदल पाठविले होते. तो शोधनिबंध एका मान्यवर परिषदेच्या परीक्षणातून स्वीकृतही झाला होता! एप्रिल २०२१ मध्ये प्रकरण पेटले, निबंध मागे घेण्यात आला आणि त्या विद्यापीठातून येणारी योगदाने रोखण्यात आली. फसवणूक झालेल्या परीक्षकांचा संताप रास्त होता. तथापि या प्रयोगाशी संबंध नसलेल्यांचे कामही त्यामुळे संशयाच्या छायेत आले. अखेरीस ४३५ बदलांची पुन्हा छाननी करण्यात आली. त्यांपैकी बहुसंख्य बदल निर्दोष ठरले, तर ३९ बदलांत दुरुस्तीची गरज आढळली. छाननीचे निष्कर्ष मे २०२१ मध्ये जाहीर झाले, आणि त्या छाननीचा भार बव्हंशी ज्यांची फसवणूक झाली होती त्याच परीक्षकवर्गाने वाहिला.