टपाल, डाक आणि पोस्ट

इंग्रजीतून आपल्याकडे आलेले काही शब्द इतके अंगवळणी पडले आहेत की, ते परके आहेत याचे स्मरणही आपणांस उरलेले नाही. ‘पोस्ट’ हा त्यांपैकीच एक. पत्र पोस्टात टाकावयाचे, कचेरीत एखादी पोस्ट रिकामी झाली की अर्ज करावयाचा, बदलीचा हुकूम आला की नवे पोस्टिंग कोठे मिळाले याची चौकशी करावयाची. आणि अलीकडे तर भ्रमणध्वनीवर चार ओळी लिहून ‘पोस्ट टाकली’ असे म्हणावयाचे. शब्द एक, पण कामे किती! मराठीत या प्रत्येक कामास निराळा शब्द आहे. पत्रांच्या व्यवहारास टपाल, नोकरीस जागा, पद किंवा हुद्दा, शिपायांच्या मुक्कामास चौकी, नाके वा ठाणे. मग इतके अर्थ एका शब्दात कसे एकत्र आले, आणि आपल्या शब्दांनी त्याच्याशी कसा संसार केला, याचा विचार आज करावयाचा आहे.

त्यासाठी आपण इंदूर जिल्ह्यातील देपालपूर या गावी जाऊ. इंदूरच्या वायव्येस सुमारे ४० किलोमीटरांवर हे गाव आहे. परमार राजा देवपाल याच्याशी त्याच्या नावाचा संबंध जोडला जातो. ‘ऐने-अकबरी’त उज्जैन सरकारातील एक महाल म्हणून त्याची नोंद आहे. पुढे ते होळकरांच्या राज्यात आले, १९४८ साली मध्यभारतात गेले आणि १९५६ पासून मध्य प्रदेशात आहे. म्हणजे येथील सरकारी कागदाने फार्सी पाहिली, मोडीतील मराठी पाहिली, इंग्रजी पाहिली आणि आता तो हिंदीत लिहिला जातो. राज्य बदलले की शब्द बदलतात हे खरे. पण जुना शब्द लगेच मरतो असे मात्र नाही.

प्रथम ‘पोस्ट’चे मूळ पाहू. लॅटिनमध्ये ‘ठेवणे, नेमून बसविणे’ अशा अर्थाचा एक धातू आहे; त्यापासून हा शब्द निघाला. लांबच्या रस्त्यावर ठरावीक अंतरावर माणसे आणि घोडी नेमून ठेवीत. ती जागा म्हणजे पोस्ट. या ठिकाणाहून त्या ठिकाणी हातोहात जाणारी पत्रे, तीही पोस्ट. पहारेकऱ्याला जेथे उभे केले ती चौकी पोस्ट, आणि माणसाला ज्या कामावर नेमले ती नोकरीही पोस्टच. अर्थ चार दिसले तरी मूळ कल्पना एकच, नेमलेल्या जागेची. खांब या अर्थाचा ‘पोस्ट’ मात्र निराळ्या लॅटिन शब्दापासून आला. भिंतीवरील ‘पोस्टर’ हे त्याच खांबाचे अपत्य. आणि ‘पोस्ट ग्रॅज्युएट’मधील ‘पोस्ट’ म्हणजे ‘नंतर’, तो तिसराच. रूप सारखे, कुळे भिन्न.

आता आपल्या शब्दांकडे वळू. डाक म्हणजे मुळात टप्प्याटप्प्यावर बदलणारी माणसे व घोडी यांच्या साहाय्याने केलेली वाहतूक. टपाल शब्दाच्या व्युत्पत्तीविषयी विद्वानांत एकमत नाही. परंतु टप्पा या शब्दाशी त्याचे नाते असावे असे मानण्यास जागा आहे. ते खरे असेल, तर युरोपातील माणसाने आणि आपल्या माणसाने एकाच व्यवस्थेकडे पाहून आपापले शब्द घडविले, असे म्हणावे लागेल.

मराठेशाहीत पत्रे नेणारे जासूद, काशीद आणि अजुरदार असत. ते पुष्कळदा जोडीने निघत, म्हणून जुन्या कागदांत ‘जासूद जोडी’ हा प्रयोग भेटतो. पुणे आणि उत्तर हिंदुस्थान यांच्या वाटेवर माळवा पडतो. १७६१ साली पानिपतचा अनर्थ घडला, तेव्हा उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना तो प्रथम कळला एका सावकारी पत्रातून. बातमी वेळेवर पोहोचणे हा त्या काळी राज्याच्या जीवनमरणाचा प्रश्न होता.

पुढे १८५४ साली इंग्रजी अमलात, अंतर न पाहता वजनावर हशील आकारण्याची पद्धत आणि सर्व हिंदुस्थानासाठी एक तिकीट सुरू झाले. १८७९ साली पाव आण्याचे कार्ड निघाले. होळकर संस्थानाची टपालव्यवस्था स्वतःची होती. १८८६ साली दुसऱ्या तुकोजीरावांचे चित्र असलेले तिकीट निघाले. १९०८ साली ही व्यवस्था ब्रिटिश हिंदुस्थानच्या पोस्टात विलीन झाली.

या घडामोडींत शब्दांची मोठी गंमत झाली. तिकीट न लावता पाठविलेल्या पत्राचे दुप्पट हशील घेणाऱ्याने द्यावयाचे असे. अशा पत्रास इंग्रजीत ‘बेअरिंग’ म्हणत. हिंदीने त्याचे ‘बैरंग’ केले, आणि पुढे रिकाम्या हाताने परतणाऱ्या माणसालाही ‘बैरंग लौटा’ म्हटले. मराठीने त्याच पत्राला ‘नॉटपेड’ म्हटले. एकच पत्र, दोन्ही शब्द इंग्रजीच. पण नर्मदेच्या दोन्ही बाजूंनी निवड निराळी केली.

‘पोस्ट’ हद्दपार करावा काय, हा प्रश्न भाषाशुद्धीच्या चळवळीपासून विचारला जात आहे. तो हद्दपार होणार नाही आणि होण्याचे कारणही नाही. काळजीची बाब दुसरीच आहे. महाराष्ट्रात सरकारी टपाल कार्यालय आहे. पण माळव्यातील मराठी घरांभोवती पाटीवर डाकघर आणि तोंडी पोस्ट. ‘उलटटपाली उत्तर पाठवावे’, ‘टपालखर्च निराळा’ हे प्रयोग तेथील नव्या पिढीच्या कानावर पडणार कोठून? शिवाय वस्तू गेली की शब्दही जातो. २०१३ साली तार बंद झाली. २०२५ साली रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात मिळून गेले.

१९७२ साली श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने, जे संस्कृतचे कवीही होते, पिन क्रमांकाची योजना आखली. तीत महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश या दोघांचाही पहिला आकडा ४ आहे. पुण्याच्या आणि देपालपूरच्या पत्त्याचा आरंभ अशा रीतीने एकाच आकड्याने होतो. राज्यांच्या सीमा निराळ्या झाल्या तरी पत्रांचा मार्ग खुला आहे. पोस्ट हा शब्द खुशाल वापरावा. मात्र माळव्यातील आप्तांस पत्र लिहिताना ‘उलटटपाली उत्तराची वाट पाहतो’ एवढे अवश्य लिहावे. शब्द जिवंत राहतो तो वापराने, आणि या शब्दाला तर वापरासाठी एक पत्र पुरे आहे.