देव, दुःख आणि दाखला : मराठवाड्यात ख्रिस्ती श्रद्धेला विचारलेले प्रश्न

मागच्या वेळी आम्ही श्रोत्यांना सांगितलं होतं की ख्रिस्ती धर्माबद्दल जे काही विचारायचं असेल ते चिठ्ठीवर लिहून द्या, नाव लिहू नका. नांदेड आणि लातूर, दोन्हीकडच्या चिठ्ठ्या आम्ही घरी नेऊन वाचल्या. बहुतेक प्रश्न ओळखीचे होते. "यांचा देव एक की तीन?" "येशू इंग्रजांचा देव, आपल्याकडे काय काम?" "चर्चमध्ये गेलं की पैसे मिळतात म्हणे, खरं का?" "ख्रिश्चन झाल्यावर जात जाते का?" एक चिठ्ठी मात्र किल्लारीकडच्या माणसाची असावी. तीत एवढंच होतं : "देव चांगला आहे तर त्या रात्री काय झालं?"

असे प्रश्न ऐकले की पुष्कळांना वाटतं, हे बाहेरच्यांनी ख्रिस्ती माणसाला विचारायचे प्रश्न. इतिहास पाहिला तर तसं दिसत नाही. यांतले सगळ्यात टोकदार प्रश्न मराठी माणसांनी विचारले, आणि विचारणाऱ्यांतले काही जण पुढे स्वतः ख्रिस्ती झाले. काहींनी तर ख्रिस्ती झाल्यावरही विचारणं सोडलं नाही. आज आम्ही त्यांच्याबद्दल बोलणार आहोत.

किल्लारीच्या चिठ्ठीपासून सुरुवात करू, कारण ती बाजूला ठेवणं आम्हांला जमलं नाही. त्यासाठी आधी काशीला जावं लागेल. नीलकंठशास्त्री गोरे हे चित्पावन घराण्यातले, काशीत वाढलेले पंडित. जॉन म्यूर नावाच्या स्कॉटिश अधिकाऱ्याने 'मतपरीक्षा' नावाचा ग्रंथ संस्कृतात लिहून ख्रिस्ती धर्म श्रेष्ठ असल्याचं मांडलं होतं. त्याला तरुण नीलकंठशास्त्र्यांनी संस्कृतातच उत्तर दिलं, 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' या ग्रंथात. त्यांचा एक आक्षेप असा : जीव एकदाच जन्मतो असं तुम्ही म्हणता, मग एखादं मूल जन्मतःच आंधळं का? आमच्याकडे पूर्वकर्म आहे, हिशेब लागतो. तुमच्याकडे हिशेबच नाही. दुसरा आक्षेप : माणसाचं आयुष्य ते किती, आणि त्यातल्या पापाला न संपणारा नरक, हा न्याय कसा?

हेच शास्त्रीबुवा 1848 मध्ये जौनपूरला बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या गोरे झाले. आक्षेप मात्र त्यांना सोडून गेले नाहीत. 1895 मध्ये ते वारले, तोपर्यंत शंकांनी त्यांचा पिच्छा पुरवला होता. आम्ही उभी हयात तत्त्वज्ञान शिकवण्यात घालवली. स्वतःच्या शंकेशी इतकं प्रामाणिक राहिलेली माणसं आम्हांला फार थोडी भेटली.

आता किल्लारी. 30 सप्टेंबर 1993, पहाटे चारला काही मिनिटं कमी. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून माणसं दमून झोपली होती. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचं जड धाबं. उन्हाळ्यात गार राहणारी ही घरं त्या रात्री माणसांच्या अंगावर आली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून हजारो माणसं गेली. त्यानंतर गावोगाव जे बोललं गेलं ते या सभागृहातल्या अनेकांनी ऐकलं असेल : कुणाचं पाप भोवलं? देवीचा कोप झाला का? मदतीला आलेल्यांत चर्चशी जोडलेल्या संस्थाही होत्या, आणि अशा वेळी त्यांनाही हेच विचारलं जातं.

बायबलात, लूकच्या शुभवर्तमानात, एक प्रसंग आहे. यरुशलेममध्ये शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेली होती. येशूने लोकांना विचारलं, ते अठरा जण गावातल्या बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होते असं तुम्हांला वाटतं का? आणि स्वतःच नाही म्हणाला. योहानाच्या शुभवर्तमानात तर गोऱ्यांचाच प्रश्न आहे. शिष्य जन्मांध माणसाकडे पाहून विचारतात, पाप याचं की याच्या आईबापांचं? येशू म्हणतो, दोघांचंही नाही.

यातून गोऱ्यांना उत्तर मिळतं का? आमच्या मते मिळत नाही. कर्मसिद्धान्तात हिशेब पुरा होतो, पण किल्लारीत मेलेल्या लेकराच्या नावावर दोष चढतो. येशू तो दोष पुसतो, आणि भिंत त्याच घरावर का पडली हे सांगत नाही. ख्रिस्ती माणूस फार तर असं म्हणेल की आमचा देव क्रुसावर मेला, तो दुःखाच्या बाहेर बसलेला नाही. याला कारण म्हणता येणार नाही, ही सोबत झाली. ज्याचं माणूस गेलं त्याला दोहोंतलं काय हवं असतं, हे व्यासपीठावरून आम्ही ठरवू शकत नाही.

"देव एक की तीन" याचं चर्चने दिलेलं उत्तर थोडक्यात सांगता येतं : देव एकच, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या तीन व्यक्तींत तो एकच आहे. मराठीत याला त्रैक्य म्हणतात. पटलं नसेल तर लाजू नका. पंडिता रमाबाईंनाही पटलं नव्हतं. गोऱ्यांच्या लेखनाचा आणि पत्रांचा त्यांच्यावर मोठा प्रभाव होता. सप्टेंबर 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजच्या मठात त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि पुढची दोन-तीन वर्षं सिस्टर जेराल्डिन आणि चेल्टनहॅमच्या कॉलेजच्या मुख्याध्यापिका डोरोथिया बील यांच्याशी पत्रांतून त्रैक्यावर वाद घातला. ख्रिस्त देव आहे हे कुठून काढलं, चमत्काराने जन्म झाला हे मी का मानावं, असं ही पंचविशीतली मराठी विधवा इंग्रज जोगिणींना विचारत होती. त्या म्हणत, आज्ञा पाळ. रमाबाई म्हणत, मी ख्रिस्ताची आज्ञा पाळीन, तुमची का? गळ्यात घालायच्या क्रुसावर लॅटिन अक्षरं होती. त्यावरही त्या अडल्या. माझ्या देशाची संस्कृत का चालू नये, हा त्यांचा मुद्दा. इंग्लंडात राहूनही त्यांनी मांस खाल्लं नाही आणि मठात त्यावरूनही कुरबुर झाली. याच बाईंनी पुढे केडगावला मुक्ती मिशन काढलं आणि संपूर्ण बायबल एकटीने मराठीत आणलं.

इंग्रजांचा देव म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की येशूच्या काळात इंग्लंडात चर्च नव्हतं. आपल्याकडचंच सांगायचं तर फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'क्रिस्तपुराण' 1616 मध्ये गोव्यात राशोलला छापलं गेलं. माणूस इंग्रज, पण सुमारे अकरा हजार ओव्या मराठी, आणि स्वर्गाला शब्द वैकुंठ. आणखी तीनशे वर्षांनी नारायण वामन टिळक सांगत की आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो. 1895 मध्ये ते ख्रिस्ती झाले. 1917 मध्ये अमेरिकन मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला त्यांनी 'देवाचा दरबार' काढला, कारण मिशनच्या पगारावर देशी चर्च उभं राहत नाही हे त्यांना कळून चुकलं होतं.

आपल्याकडच्या एखाद्या उपासनेला रविवारी जाऊन बसा. दाराशी चपला काढलेल्या, बायकांच्या डोक्यावर पदर, पेटी-तबला, आणि टिळकांची गीतं भजनाच्या चालीवर. नाताळात करंज्या आणि शंकरपाळे. उदगीर-निलंग्याकडे कन्नड कानावर पडेल, देगलूर-बिलोलीकडे तेलुगू. हा पट्टा निजामाच्या राज्यात होता, त्यातला काही भाग बिदर जिल्ह्यात, आणि बिदर हे अमेरिकन मेथडिस्टांचं ठाणं. चर्चला प्रॉटेस्टंट लोक 'मंडळी' म्हणतात. आपल्याकडे जुनी माणसं बायकोला 'आमची मंडळी' म्हणायची, त्यामुळे "मंडळीत भांडण झालं" हे वाक्य आम्ही लहानपणी वेगळ्याच अर्थाने ऐकायचो! असो.

पण आजचं खरं दुखणं जातीच्या चिठ्ठीत आहे. तिला वेळ देऊ.

1843 मध्ये मुंबईत नारायण शेषाद्री हा ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत, बारा-एक वर्षांचा, तोही मिशनऱ्यांकडे राहायला गेला. बाप कोर्टात गेला. मुलगा अज्ञान म्हणून कोर्टाने त्याला बापाच्या ताब्यात दिलं. आता पंचाईत झाली. श्रीपतचा बाप्तिस्मा झालेलाच नव्हता, पण तो मिशनऱ्यांच्या घरी जेवला होता. त्याला जातीत परत घ्यायचं की नाही? 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन घ्यावं यासाठी खटपट केली आणि त्यापायी सनातन्यांचा राग ओढवून घेतला. म्हणजे त्या काळच्या मुंबईत जात पंगतीने जात होती, बाप्तिस्म्याची वाट पाहत नव्हती.

थोरला भाऊ नारायण पुढे रेव्हरंड होऊन आपल्या मराठवाड्यात आला, जालन्याला. तिथे ब्रिटिश छावणी होती. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून त्याने जालन्याजवळ बेथेल नावाचं ख्रिस्ती गाव वसवलं. तिथे जे आले त्यांत मातंग समाजाचे लोक मोठ्या संख्येने होते. ज्याच्या भावाला परक्याच्या घरच्या जेवणाने जातीबाहेर काढलं, तो माणूस मातंगांबरोबर प्रभुभोजनाला बसला. प्रभुभोजन म्हणजे एका भाकरीतून आणि एका प्याल्यातून घेणं. आपल्या समाजात याचा अर्थ काय होतो ते धर्मशास्त्राच्या पुस्तकात वाचायची गरज नाही. लक्ष्मीबाई टिळकांनीही नवरा ख्रिस्ती झाल्यावर आपली चूल आणि पाणी आधी वेगळं ठेवलं होतं. जातीचा विचार त्यांच्या मनातून आधी गेला, बाप्तिस्मा नंतर झाला. 'स्मृतिचित्रे' वाचताना हा क्रम लक्षात ठेवा.

मग चर्चमध्ये जात संपली का? डॉ. आंबेडकरांनी 1 जानेवारी 1938 रोजी सोलापूरला, म्हणजे लातूरच्या शेजारीच, ख्रिस्ती लोकांपुढे भाषण केलं. बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तिमत्त्वांनी आपल्याला भारून टाकलं असल्याचं त्यांनी सांगितलं. त्याच भाषणात, तुमच्यातल्या अस्पृश्य ख्रिस्त्यांवर अन्याय होतो तेव्हा तुम्ही राजकारणात कुठे असता, असंही सुनावलं. चर्चने शाळा आणि दवाखाने दिले, हे त्यांना मान्य होतं. लग्न जुळवताना आणि कबर खोदताना जात आत शिरते, हेही त्यांना माहीत होतं. आमच्या ऐकण्या-पाहण्यात लग्नाच्या बाबतीत आजही फार फरक पडलेला नाही.

आणि मग सरकार येतं. 1950 च्या अनुसूचित जातींच्या आदेशाने ठरवलं की हिंदू असेल तोच अनुसूचित जातीचा. 1956 मध्ये त्यात शीख आले, 1990 मध्ये बौद्ध. ख्रिस्ती आणि मुसलमान आजही बाहेर. नांदेडच्या श्रोत्यांना हे वेगळं समजावायला नको. एकाच मूळ जातीचे तिघे घ्या : एक हजूर साहिबला माथा टेकणारा, एक बुद्धविहारात जाणारा, एक चर्चला जाणारा. पहिल्या दोघांना दाखला मिळतो. तिसऱ्याने कागदावर खरं लिहिलं तर मिळत नाही. पैसे मिळतात का असं विचारणाऱ्याला आमचं उत्तर हेच. शिष्यवृत्ती, राखीव जागा आणि अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचं संरक्षण, धर्मांतर कबूल करणारा यातलं काय काय गमावतो ते आधी मोजावं.

मद्रासमध्ये रस्त्यावर चपला शिवणारे सूसै नावाचे ख्रिस्ती गृहस्थ होते. सरकार चर्मकारांना फुकट टपरी देत होतं, पण ती हिंदू आणि शीखांनाच. ते सर्वोच्च न्यायालयात गेले. 1985 मध्ये न्यायालय म्हणालं, जातीचा जाच ख्रिस्ती झाल्यावरही तितकाच राहतो हे तुम्ही सिद्ध केलेलं नाही. उलट 2015 च्या मनू खटल्यात त्याच न्यायालयाने मान्य केलं की ख्रिस्ती घरातला माणूस हिंदू धर्मात परतला आणि मूळ जातीने त्याला स्वीकारलं, तर त्याची जात परत येते. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याने इथे थांबून विचार करावा. मधल्या पिढ्यांत जी गोष्ट नव्हतीच, ती परत कुठून आली? आणि कुठेतरी होती म्हणून परत आली असेल, तर मधल्या काळात दाखला का नाही? आम्ही हा प्रश्न कायद्याच्या प्राध्यापकांनाही विचारून पाहिला आहे. चर्चा दर वेळी चहावर संपली.

2007 मध्ये रंगनाथ मिश्र आयोगाने धर्माची अट काढा अशी शिफारस केली, ती अमलात आली नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्राने न्यायमूर्ती के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली नवा आयोग नेमला. 2024 च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने एका बाईंचा दावा फेटाळला. त्या चर्चला जात होत्या आणि कागदावर हिंदू म्हणून सवलत मागत होत्या. न्यायालयाच्या मते ही राज्यघटनेशी केलेली फसवणूक. असेल. पण आपल्या तालुक्यात रविवारी एका नावाने गाणारी आणि सोमवारी तहसिलात दुसऱ्या नावाने रांगेत उभी राहणारी माणसं आहेत, आणि त्यांना फसवे म्हणायला आमची जीभ रेटत नाही. चिठ्ठी लिहिणाऱ्याने नाव लिहिलं नाही, ते आम्ही सांगितलं होतं म्हणूनच, असं आम्ही मानत नाही.

उरलेल्या चिठ्ठ्या कॅथलिकांच्या मूर्ती, मेणबत्त्या आणि मरियेबद्दल आहेत. त्या पुढच्या वेळी घेऊ.